पाकिटावर न लिहिलेलं काम

इचलकरंजी,
रविवार

चि. ऋता,


तू पाठवलेला व्हिडिओ पाहिला. काकूनेही पाहिला, आणि ‘सिंकच्या जाळीत हात घालायला नको म्हणून एवढा खटाटोप!’ असं म्हणून ती अर्ध्यातून उठून गेली. मी मात्र शेवटपर्यंत बसलो. त्या बाई सिंकमध्ये खाण्याचा सोडा टाकतात, वर व्हिनेगर ओततात, फसफसून फेस येतो आणि मागे संगीत वाजतं. हे खरंच चालतं का, असं तू विचारलं आहेस. फेस खरा आहे. साफसफाई खोटी आहे.

सोडा हा सौम्य खार, व्हिनेगर हे सौम्य आम्ल. दोघं भेटले की एकमेकांचा जोर मारतात. कार्बन डायऑक्साइड उडून जातो, तोच तो फेस, आणि मागे सोडियम ॲसिटेट नावाच्या क्षाराचं पाणी उरतं. त्याने तेलही निघत नाही आणि पांढरा थरही नाही. दोन कामाच्या वस्तू घेऊन एक बिनकामाची केली, एवढंच झालं. त्याच वेगवेगळ्या वापरल्या असत्या तर दोन्ही कामं झाली असती. तेलकट चिकटा असेल तिथे नुसता सोडा आणि कढत पाणी. नळाच्या तोटीवर पांढरं पुट चढलं असेल तिथे नुसतं व्हिनेगर किंवा लिंबाची फोड.

तुला वाटेल, काका रिटायर झाले तरी लॅब सुटत नाही यांची. खरं आहे. उभी नोकरी प्रोसेस हाउसच्या रंगखात्यात गेली. तिथे ड्रमवर लेबल असो वा नसो, आधी एकच विचारायचं, हे आम्ल की खार, आणि कापडावर पडलं तर काय करेल. घरातल्या वस्तूंकडेही मी तसाच बघतो. पाकिटावर जे काम छापलेलं असतं ते कंपनीच्या सोयीचं. वस्तूचा गुण त्याहून मोठा असतो, आणि तो कळला की दुसरं काम आपोआप सुचतं. गुण न कळता उचललेली युक्ती मात्र कधी लागू पडते, कधी नाही, आणि का ते कळत नाही.

कंपन्यांनाही हे चांगलं ठाऊक आहे बरं का. अमेरिकेत घरी केक-पाव भाजणं कमी झालं, तसा सोड्याचा खपही घसरायला लागला. तेव्हा 1972 साली आर्म अँड हॅमर या कंपनीने जाहिरात काढली, की सोड्याचा डबा उघडून फ्रिजमध्ये ठेवा, वास जाईल. लोकांनी ठेवला. जो डबा महिनोन्‌महिने फळीवर पडून राहायचा, तो आता दर थोड्या दिवसांनी बदलायचा झाला. युक्ती कोणी काढली आणि फायदा कोणाचा, हेही बघत जावं माणसाने.

पण याहून मला आवडते ती प्ले-डोची गोष्ट. तुझ्या दादाने लहानपणी सोफ्यात भरून ठेवलेली रंगीत माती आठवते ना, तीच. सिनसिनाटीच्या कूटॉल कंपनीचा तो माल मुळात भिंतीवरचा कागद पुसण्याचा गोळा होता. पीठ, पाणी, मीठ असलाच ऐवज. घरोघरी कोळशाच्या शेगड्या, त्यांची काजळी वॉलपेपरवर बसायची. त्यावरून हा गोळा फिरवला की काजळी त्याला चिकटून यायची. दुसऱ्या महायुद्धानंतर लोक तेलावर आणि गॅसवर घर तापवू लागले, धुता येणारा व्हिनाइलचा कागद आला, आणि कंपनी बुडायच्या बेताला आली. तिथल्या मालकाच्या नात्यातली के झुफॉल नावाची बालवाडीची बाई होती. तिने तो गोळा मुलांच्या हातात दिला. मऊ, हाताला न चिकटणारा, विषारी नाही. मुलं खूश. 1956 पासून तो खेळणं म्हणून विकायला लागला. त्या बाईने नवं काही शोधलं नाही. काजळी उचलणारा मऊपणा मुलांच्या बोटांनाही चालेल, एवढं तिच्या लक्षात आलं.

आता तुझ्या कुर्त्याचं. लाल कुर्त्याने पांढऱ्या सलवारीचा सत्यानाश केला, आणि तुझ्या रूममेटच्या आईने ‘आधी मिठाच्या पाण्यात भिजवायला हवा होता’ असं सांगितलं. हा सल्ला आपल्याकडे प्रत्येक घरात मिळतो, आणि तो आमच्याच खात्यातून अर्धवट ऐकून बाहेर पडला असावा असा माझा संशय आहे. कारण मीठ आम्ही खरोखरच वापरायचो, आणि पोत्यांनी.

सुती कापड पाण्यात गेलं की त्यावर ऋण भार येतो, आणि सुताला लावतात त्या रिॲक्टिव्ह रंगावरही ऋणच भार. दोघं एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत. मीठ घातलं की हा दुरावा मोडतो आणि रंग पाण्यातून धाग्याकडे सरकतो. गडद शेड असेल तर लिटरमागे 60 ते 80 ग्रॅम मीठ. समुद्राच्या पाण्यात साधारण 35 ग्रॅम असतं, यावरून अंदाज कर. जिगरवर, म्हणजे रंगाईच्या यंत्रावर, कापड या रुळावरून त्या रुळावर फिरत असतं, खालच्या टाकीतलं गर्द लाल पाणी हळूहळू फिकं होत जातं, आणि नवा आलेला पोरगा समजतो की झालं काम. झालेलं काहीच नसतं. रंग नुसता धाग्याजवळ येऊन बसलेला असतो. मग सोडा ॲश, म्हणजे धुण्याचा सोडा, घालायचा. पाण्यात खाराचा जोर चढला की रंग आणि सूत यांची रासायनिक गाठ बसते, आणि ती गाठ बसली की सुटत नाही.

पण थोडा रंग सुताऐवजी पाण्याशीच गाठ मारून बसतो. तो कधीच पक्का होत नाही, फक्त कापडात अडकून राहतो. तो काढायला उकळत्या साबणाच्या पाण्यात धुणं लागतं. त्याला आमच्यात सोपिंग म्हणायचे. वाफ लागते, पाणी लागतं, वेळ लागतो. आणि ऑर्डरची घाई असली की कात्री लागते ती इथेच. राहिलेलं सोपिंग मग गिऱ्हाइकाच्या बादलीत होतं.

म्हणून मिठाच्या पाण्यात भिजवून काय होणार? मीठ तो सुटा रंग कापडाला धरून ठेवतं. त्या दिवशी पाणी स्वच्छ दिसतं, तुला बरं वाटतं, आणि पुढच्या साध्या धुण्यात तो रंग बाहेर येतोच. तू उलटं कर. वेगळ्या बादलीत, कापडाला सोसेल तेवढ्या गरम पाण्यात, साबण घालून धू. पाणी जवळजवळ पांढरं येईपर्यंत. जायचा तो रंग एकदाचा जाऊ दे. तुरटीचंही तेच. मंजिष्ठेसारख्या झाडपाल्याच्या रंगाला तुरटी लागते, पण ती रंगायच्या आधी किंवा रंगताना. दुकानातून आणलेल्या कुर्त्याला नंतर तुरटी दाखवून उपयोग नाही. व्हिनेगर लोकर आणि रेशीम रंगवताना कामाचं; सुताला त्याचं काही देणंघेणं नाही.

तांब्याचा तांब्या काळा पडलाय म्हणालीस, त्याला आपली चिंच. बाजारच्या पावडरी वाईट नाहीत, पण चिंचेत टार्टारिक आम्ल असतं आणि तांब्यावरचा काळा थर, म्हणजे तांब्याचं ऑक्साइड, त्यात विरघळतं. चिमूटभर मीठ घातलंस तर आणखी लवकर. सोलकढी केल्यावर उरलेली आमसुलंही चालतात. पैंजणांना मात्र चिंच लावू नकोस, कारण चांदीचा काळेपणा वेगळा, तो गंधकाचा. त्यासाठी पातेल्यात ॲल्युमिनियमची फॉइल अंथर, चमचाभर खाण्याचा सोडा घाल, कढत पाणी ओत, आणि पैंजण फॉइलला टेकतील असे ठेव. गंधक चांदीला सोडून ॲल्युमिनियमकडे जातो. किंचित कुजक्या अंड्यासारखा वास येईल, घाबरू नकोस. काम चालू असल्याची ती खूण. टूथपेस्टने घासलेली चांदी चकाकते खरी, पण थोडी चांदीही घासली जाते. खड्यांचे किंवा मुद्दाम काळपट ठेवलेले दागिने या पाण्यात घालायचे नाहीत.

किटलीत तळाला जो पांढरा खडबडीत थर बसतो तो कॅल्शियम कार्बोनेट. पाणी भरून चमचाभर लिंबूसत्व टाक, उकळी आण, अर्धा तास ठेव, ओतून दे, दोनदा विसळ. पण ते पाणी ओतताना ओट्याकडे लक्ष असू दे! कडप्पा, कोटा, शहाबादी, संगमरवर, या सगळ्या फरश्या मुळात त्याच कॅल्शियम कार्बोनेटच्या. किटलीतला थर खाणारं लिंबू फरशीही खातं. कडप्प्यावर लिंबू कापून ठेवलं की जो फिका गोल उमटतो तो डाग नव्हे, तिथला दगडच झिजलेला असतो. तो कशानेही पुसून निघणार नाही, कारण काढण्यासारखं तिथे काही नसतंच. ग्रॅनाइटचा ओटा असेल तर बिनधास्त राहा.

झुरळांसाठी बाजारातून काही आणायच्या आधी कॅरमची पावडर शोध. चेष्टा नाही. कॅरमवर टाकतात ती बोरिक पावडर म्हणजे बोरिक ॲसिड. त्याचे कण पत्त्यांच्या कॅटसारखे थरावर थर असतात आणि एकमेकांवरून घसरतात, म्हणून सोंगटी पळते. झुरळासाठी मात्र तेच पोटातलं विष. कणीक, साखर, थोडा किसलेला कांदा, बोरिक पावडर आणि दुधाचा हात लावून सुपारीएवढ्या गोळ्या कर. सिंकखाली, फ्रिजच्या मागे, गॅसच्या पाइपाच्या भोकाशी ठेव. दुसऱ्या सकाळी झुरळांचा खच पडलेला दिसेल अशी अपेक्षा धरू नकोस. हे औषध सावकाश मारतं आणि त्यातच त्याची गंमत आहे. खाल्लेलं झुरळ परत बिळात जाऊन मरतं, त्याला दुसरी खातात. लोक चुकतात ते इथे, की उत्साहाने पावडरीचे ढीग घालतात. ढीग दिसला की झुरळ वळसा घालून जातं. नुसती पावडर टाकायची तर बोटाने पुसल्यासारखी पातळ. आणि शेजारचं पोर रांगत तुमच्याकडे येतं म्हणालीस, तेव्हा गोळ्या त्याच्या हाताबाहेर. मांजर पाळायचा विचार असेल तर मला आधी सांग.

आता रागावून सांगतो आहे असं समज. संडास साफ करायच्या द्रवात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ब्लीच म्हणून मिळतं ते हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. दोन्ही एकत्र टाकून ‘डबल सफाई’ करायची नाही, एकापाठोपाठ एक तर नाहीच नाही. क्लोरीन सुटतो. 22 एप्रिल 1915 ला बेल्जियममधल्या ईप्रला जर्मनांनी जो वायू सैनिकांवर सोडला तोच. पुण्यातल्या फ्लॅटची बाथरूम केवढी असते ते मला माहीत आहे, आणि तिची खिडकी शाफ्टमध्ये उघडते. आमच्याकडे हायपोची टाकी एका टोकाला आणि ॲसिडचे कॅन दुसऱ्या टोकाला असायचे, आणि एकाच्या बादलीत दुसरं ओतलं तर माणूस त्या पाळीत घरी जायचा. कधी चुकून तसा उग्र वास आला तर खिडकी-दार उघड, बाहेर पड, आणि सफाईचा विचार उद्यावर टाक.

बाकीचं थोडक्यात. भिजलेला मोबाइल तांदळात पुरायचा नाही. ॲपल कंपनीच तसं सांगते, तांदळाची भुकटी आत जाते म्हणून. बंद करून, चार्जिंगचं तोंड खाली करून हवेवर ठेव. भाजल्यावर टूथपेस्ट लावायची नाही, हळद नाही, शाई तर नाहीच. नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली 20 मिनिटं हात धर, मग डॉक्टर. जुन्या मोज्यात हात घालून पंख्याची पाती पुसायची ती युक्ती मात्र छान आहे. त्या व्हिडिओत तेवढीच मला पटली.

काकूने तुझ्यासाठी रिठ्यांची पिशवी बांधून ठेवली आहे, गणूमामा बुधवारी येतोय त्याच्याबरोबर पाठवतो. आईची पैठणी डिटर्जंटमध्ये बुडवायचं धाडस करू नकोस. रेशीम म्हणजे प्रथिन, खाराने त्याची चमक मरते. रिठ्यात खार नसतो, सॅपोनिन असतं, ते मळ उचलतं आणि धाग्याला त्रास देत नाही. सोनार दागिनेही त्यातच धुतात. बिया काढून टाक, सालं रात्रभर भिजव, सकाळी कुस्करून गाळून घे, आणि पाणी गार असू दे. जरीच्या काठाला घासायचं नाही, नुसतं पाण्यात हलवायचं. पदराचा एक कोपरा आधी धुऊन बघ. रंग सुटला तर तिथेच थांब आणि साडी ड्रायक्लीनला दे.

तुमच्या सोसायटीत कॉर्पोरेशनचं पाणी येतं की टँकरचं, ते विचारून कळव. टँकरचं बोअरचं असेल तर त्यात साबण फाटतो, कपड्यांवर करडेपणा येतो, आणि मग किटलीला लिंबूसत्व किती दिवसांनी, मशीनला किती, हे सगळं हिशोबाने ठरवावं लागेल. ग्लासभर पाणी गणूमामाबरोबर बाटलीत पाठवलंस तरी चालेल, इथे तपासून देतो.

तुझा,
काका