मंडईतली सोयरीक

पुण्याची माणसे मुंबईला नाना कारणांनी जातात. कोणी मंत्रालयात अडकलेला कागद हलवायला जातो, कोणी परदेशी निघालेल्या मुलाला विमानतळावर पोचवायला, तर कोणी नुसता समुद्र पाहायला. मी मात्र 2019 च्या डिसेंबरात, एका शनिवारी, डेक्कन क्वीनने मुंबईला गेलो तो वधूसंशोधनासाठी! नवरदेव घरी पिंजऱ्यात होता. वरपक्षाचे वडीलधारे म्हणून शेजारी खिडकीत अण्णा, माझे वडील, बसले होते.

नवरदेवाची ओळख करून द्यायला हवी. तो झेब्रा फिंच. जात मूळची ऑस्ट्रेलियाची, पण याच्या कित्येक पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेल्या. लांबी चार इंच, वजन तोळाभर. नराची चोच लालभडक, गालावर नारिंगी ठिपका, गळ्यावर बारीक काळे-पांढरे पट्टे. मादी साधी करडी, चोच नारिंगी. गातो तो नरच. मादी गात नाही. आणि प्रत्येक नराचे गाणे निराळे असते, कारण ते तो लहानपणी बापाकडून शिकतो. आमच्या मनूच्या हट्टापायी ही जोडी घरात आली होती. नोव्हेंबरच्या थंडीत अंडे अडकून मादी गेली. त्या दिवसापासून हा पठ्ठ्या पिंजऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उड्या मारीत खेळण्यातल्या पिपाणीसारखी हाक देत होता. या जातीत जोडी जमली की सहसा जन्माची. हाकेला उत्तर आले नाही की ते हाक मारतच राहतात.

त्या हाका घरात सर्वांत जास्त ऐकल्या त्या अण्णांनी. आई 2018 मध्ये गेली. महिन्याभरात मी गिरगावातली खोली आवरली, भांडी वाटून टाकली आणि अण्णांना पुण्याला आणले. सगळे त्यांच्या सोयीसाठीच! अण्णा तक्रार करीत नसत. फक्त बोलताना "तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं?" असे म्हणत. "आपल्याकडे" हा शब्द त्यांच्या तोंडून आला नव्हता.

बोरीबंदरला उतरलो आणि अण्णा एकदम दहा वर्षांनी लहान झाले. मंगलदास मार्केटात एका कापडाच्या पेढीवर त्यांनी छत्तीस वर्षे खाती लिहिली. हा सारा मुलूख त्यांच्या पायाखालचा. क्रॉफर्ड मार्केटचा मनोरा दिसताच ते थांबले. आता तिचे नाव महात्मा जोतिबा फुले मंडई. पण अण्णा तिला नुसते 'मार्केट' म्हणतात. विल्यम इमर्सनच्या आराखड्यावरून 1869 मध्ये ही इमारत उभी राहिली. दारावर कोरलेली शेतकऱ्यांची शिल्पे लॉकवुड किपलिंग यांची, म्हणजे 'जंगल बुक' लिहिणाऱ्या रुडयार्डच्या वडिलांची. रुडयार्ड जन्मला तो रस्त्यापलीकडे, जे. जे. कला शाळेच्या आवारात, 1865 साली. "रोज डबा घेऊन इथून जायचो," अण्णा म्हणाले, "पण मान वर करून कधी पाहिलं नाही."

फळांच्या राशी ओलांडून आम्ही पाखरांच्या गल्लीत शिरलो. आधी येतो तो वास: कांगणीचा, ओल्या भुश्श्याचा, पिसांचा. मग कानठळ्या बसवणारा कलकलाट. लव्हबर्ड, बजरीगर, कबुतरे, सशांची पिले, सारे एकावर एक रचलेले. अण्णांच्या तरुणपणी इथे लाल मुनियाही मिळत. युरोपियनांनी त्या पाखराला दिलेले नाव अहमदाबादवरून पडले आहे, कारण तिथून ती परदेशी जात. आज ती विकणे गुन्हा आहे. 1972 च्या वन्यजीव कायद्याचे आपल्यावर हे एक ऋण आहे. तरी त्या दाटीवाटीतून हिंडताना मन स्वच्छ राहिले असे म्हणणार नाही. गिऱ्हाईक म्हणून आलेल्याने फार हळहळूही नये.

पाखरेवाले चाचा सत्तरीचे होते. मी घाईघाईने एका चपळ मादीकडे बोट दाखवले. त्यांनी मान हलवली. "चोच काली है, साहेब. बच्ची है अभी." सहा महिने पूर्ण झाल्याशिवाय जोडीला लावायची नाही, हा त्यांचा दंडक. मग त्यांनी डोळे लख्ख, पिसे घट्ट आणि बूड स्वच्छ अशी एक निवडली, आणि अण्णांकडे पाहून दोन अटी सांगितल्या: महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवा, रोग असेल तर कळेल, मग पिंजऱ्याला पिंजरा लावून दोघांना एकमेकांना पाहू द्या. घाई नको.

बाहेर पडल्यावर मी म्हणालो, "अण्णा, इथवर आलोच आहोत, गिरगावात जाऊन येऊ या का? खोली पाहू." भोके पाडलेला पुठ्ठ्याचा खोका त्यांनी मफलरीत गुंडाळला. "नको," एवढेच म्हणाले. दादरहून एका स्नेह्यांच्या मोटारीने परतलो. घाटात वारा सुटला तेव्हा खोका त्यांच्या कोटात होता.

पहिली अट मी पाळली. पुढे चार महिन्यांत 'विलगीकरण' हा शब्द साऱ्या देशाला पाठ होणार होता; आमच्या घरात तो जरा आधी आला, इतकेच. दुसरी अट मात्र मला वेळखाऊ वाटली. जानेवारीतल्या एका सकाळी मी नववधूला थेट जुन्या पिंजऱ्यात सोडले. क्षणभर शांतता, आणि मग तो एकाकी, करुण नवरदेव तिच्यावर तुटून पडला! मानेची पिसे उडाली, ती कोपऱ्यात अंग चोरून बसली. माझा हात थरथरत होता. अण्णांनीच तिला अलगद बाहेर काढले.

"अरे, ते मडकं त्याचं, ती काठी त्याची," ते म्हणाले. "त्याला विचारलंस? आणि तिला तरी विचारलंस? तुला वाटतं, आणून ठेवलं की झालं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी मात्र त्या दिवशी कॉलेजात काय शिकवले ते मला आठवत नाही.

पुढचे काम अण्णांनी हाती घेतले. दोन पिंजरे वीतभर अंतरावर. मग एकमेकांना लागून. चौथ्या दिवशी हाकेला हाक आली. बाराव्या दिवशी दोघे जाळीच्या दोन बाजूंना, पण एकाच उंचीवर झोपली. मग अण्णांनी दोघांनाही तिसऱ्याच, मोठ्या पिंजऱ्यात हलवले, जिथे कोणीच मालक नव्हते. मडके मुद्दाम ठेवले नाही, कारण घरट्यावरूनच भांडणे पेटतात. खाण्यापिण्याच्या वाट्या दोन-दोन, म्हणजे एकाने दुसऱ्याला अडवायला नको. आठवड्याभरात नर तिच्यापुढे उड्या मारीत गाऊ लागला, दोघे खेटून बसून एकमेकांच्या मानेची पिसे विंचरू लागली. तेव्हा कुठे मडके टांगले, काथ्या आणि वाळले गवत दिले.

मी त्याच सुमारास माळ्यावरची आईची ट्रंक काढून अण्णांच्या खोलीत ठेवली. ती दीड वर्ष न विचारता वर टाकली होती. त्यावर आम्ही कोणीच काही बोललो नाही.

मार्चच्या अखेरीस टाळेबंदी लागली आणि मडक्यात रोज एक अशी पाच अंडी पडली. नर-मादी आळीपाळीने उबवीत होती. तेराव्या दिवशी पहिले पिलू फुटले. पाचांतली तीन जगली, आणि तीन आठवड्यांनी मडक्याबाहेर आली. त्यांतला एक नर पुढे बापाचे गाणे अर्धेमुर्धे घोकू लागला.

त्या दिवसांत अण्णांना गिरगावातल्या एका जुन्या शेजाऱ्यांचा फोन आला. दार उघडे होते. मला ऐकू आले.

"इकडे सगळं ठीक," अण्णा सांगत होते. "आपल्याकडे पाखरांना पिलं झालीत. टाळेबंदी उठली की या घरी."