संभाजीनगरची सहल आणि ज्वारीची भाकरी

नाताळच्या सुट्टीत कुठे जायचे, हा प्रश्न आमच्या घरी फारसा पडत नाही. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे आपले जुने औरंगाबाद, हे ठरलेलेच. नागसेनवन, बुद्धलेणी, वेरूळ, अजिंठा कितीही वेळा पाहिले तरी मन भरत नाही. शिवाय आजोबा मिलिंद महाविद्यालयाचे जुने विद्यार्थी. या खेपेला मात्र निघण्यापूर्वी एकच चिंता होती. धाकटीने तिथे खायचे काय?

धाकटी दहा वर्षांची. दोन वर्षे तिचे पोट फुगायचे, जुलाब व्हायचे, वजन वाढेना, अंगात रक्त भरेना. दृष्ट लागली असेल, मीठ-मोहऱ्या उतरा, असे सांगणारे भेटले. आम्ही दवाखान्याची वाट धरली. रक्ताची तपासणी झाली, दुर्बिणीतून लहान आतड्याचा कण काढून तपासला, आणि सिलिअ‍ॅक हा आजार निघाला. गहू आणि जव यांतील ग्लुटेन नावाचे प्रथिन या रोग्यांना सोसत नाही. त्याने आतड्याचे अस्तर झिजते आणि खाल्लेले अंगी लागत नाही. यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही. गहू जन्मभर बंद, हेच औषध. नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ विलेम-कारेल डिके यांनी १९५० साली आपल्या प्रबंधात हा गव्हाचा संबंध दाखवून दिला. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी तिथे पावाचा दुष्काळ पडला, तेव्हा अशी मुले सुधारली आणि पाव परत मिळू लागताच पुन्हा आजारी पडली, असे त्यांना दिसले होते. आपल्या देशात उत्तरेकडे शंभरांत एकाला हा आजार आढळतो, असे सांगतात.

घरी हे पथ्य जमते. प्रवासात खरी कसोटी. पोळी, पाव, शिरा, उपमा, शेवया, बिस्किटे, समोसा यांना हात लावायचा नाही, हे कुणालाही कळते. पण गहू लपूनही बसतो. डबीतल्या बऱ्याच हिंगांत मैदा किंवा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. हॉटेलातला रस्सा दाट करायला मैदा लावतात. सोया सॉसमध्ये गहू असतो. बेसनाची भजी चालतील म्हणावे, तर ती समोशाच्याच कढईत तळलेली! आणि ज्या तव्यावर पोळ्या भाजल्या, त्याच तव्यावर भाकरी टाकली तर तीही बाधते.

म्हणजे तवा वेगळा हवा, पळी वेगळी हवी. इथेच आमच्या घरात खटका उडाला. निघण्याच्या आदल्या रात्री आम्ही धाकटीसाठी एका पुठ्ठ्यावर मराठी आणि हिंदीत सूचना लिहीत होतो. आजोबा म्हणाले, "हॉटेलात जाऊन वेगळं भांडं मागायचं? आमच्या बापाला चहा वेगळ्या कपात मिळायचा, तो कपसुद्धा त्यालाच विसळावा लागायचा. ते मोडायला आमचा जन्म गेला." कुणीच काही बोलले नाही. पुठ्ठा पिशवीत गेला, पण मनात संकोच राहिला.

त्या संकोचाची किंमत पहिल्याच रात्री मोजावी लागली. तपोवन एक्स्प्रेसने दुपारी उतरलो. संध्याकाळी एका चांगल्या दिसणाऱ्या हॉटेलात शिरलो. या शहराची नान-खलियाची ख्याती मोठी, पण नान गव्हाची, म्हणून आम्हीही त्या वाटेला गेलो नाही. पिठले-भाकरी मागितली. "शुद्ध ज्वारीची ना?" एवढेच विचारले. वेटर "हो साहेब" म्हणाला. पुठ्ठा काही बाहेर निघाला नाही. रात्री दोनपासून धाकटीला उलट्या आणि जुलाब. सकाळी जाऊन विचारले तेव्हा कळले, की भाकरी थापताना फाटू नये म्हणून पिठात मूठभर कणीक घालतात. त्यांनी लबाडी केली असे आम्ही म्हणणार नाही. आम्हीच पुरते विचारले नव्हते. दुसरा दिवस मीठ-साखरेचे पाणी आणि मऊ भात यांवर खोलीतच गेला. आजोबा तिच्या उशाशी बसून होते.

तिसऱ्या दिवशी तिला हुशारी वाटली आणि आम्ही वेरूळला निघालो. वाटेत दौलताबादचा किल्ला लागतो. दाराशी आजोबांनी मुलांना १९३४ ची हकिकत सांगितली. बाबासाहेब सहकाऱ्यांसह इथे आले होते. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या मंडळींनी दाराबाहेरच्या टाक्यावर हातपाय धुतले, तर पाणी बाटवले म्हणून गलका झाला. शेवटी किल्ल्यात पाण्याला शिवायचे नाही, या अटीवर त्यांना आत सोडले. बाबासाहेबांनीच 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत हे लिहून ठेवले आहे.

धाकटीने सरळ विचारले, "मग आजोबा, मी वेगळा तवा मागते तेही तसंच का?"

आजोबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "नाही गं बाई. त्यांनी वेगळं ठेवलं ते माणसाला हलकं ठरवायला. तू कुणाला हलकं समजत नाहीस. तुझा तवा हे तुझं औषध आहे. चूक माझी झाली."

वेरूळच्या वाटेवर एका शेतात हुरड्याची आगटी पेटली होती. ज्वारीची कोवळी कणसे गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजून हातावर चोळलेली, सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि दही. चटणीत फक्त दाणे, लसूण, तिखट, मीठ आहे, हे विचारून घेतले. धाकटी पोटभर जेवली. शेव तेवढी बाजूला ठेवली. मग क्रमांक १ ते १२ ही बौद्ध लेणी निवांत पाहिली. दहाव्या लेण्यातील चैत्यगृहात बुद्धमूर्तीपुढे सर्वांनी त्रिसरण-पंचशील घेतले.

चौथ्या दिवशी नागसेनवन. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली इथे महाविद्यालय सुरू केले आणि १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची पायाभरणी झाली. आजोबांनी वसतिगृहाची जागा दाखवली. गावोगावची मुले इथे एका पंक्तीत जेवली, हे सांगताना त्यांचा आवाज जड झाला. दुपारी विद्यापीठाच्या बाजूला एका मावशींच्या लहानशा खानावळीत गेलो. या वेळी पुठ्ठा आजोबांनीच काढला. मावशींनी चष्मा लावून तो वाचला आणि म्हणाल्या, "तवा घासून देते, पण दादा, पीठ गिरणीत गव्हामागून दळलेलं आहे. ते चालंल का?" ही गोष्ट मोठ्या हॉटेलाला सुचली नव्हती! आम्ही घरून ज्वारी निवडून, घरच्या जात्यावर दळून दोन किलो पीठ आणले होते. ते दिले. मावशींनी परात धुतली, हात कोपरापर्यंत धुतले, तवा राखेने घासला आणि आधी धाकटीची भाकरी केली, मग इतरांच्या पोळ्या. वांग्याच्या भाजीला हिंग नव्हता. धाकटीने दोन भाकरी खाल्ल्या. शेवटच्या दिवशी मावशींनीच बांधून दिलेल्या भाकरी घेऊन आम्ही अजिंठ्याला गेलो.

विनयपिटकाच्या महावग्गात पोटाच्या विकाराने पडलेल्या एका भिक्खूची कथा आहे. त्याच्याकडे कुणी पाहत नव्हते. तथागतांनी आनंदासह त्याला स्वतः धुतले आणि आजाऱ्याची सेवा करण्याचा उपदेश संघाला केला. अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यातील महापरिनिर्वाणाच्या मूर्तीसमोर बसून आजोबांनी ती नातीला सांगितली. आम्हाला मात्र मावशींचे धुतलेले हात आठवत होते.

ज्या घरांत असे पथ्य आहे, त्यांच्यासाठी चार गोष्टी. सूचना लिहून न्या आणि स्वयंपाक करणाऱ्याच्या हाती द्या. "गहू आहे का?" एवढ्यावर थांबू नका, कणीक, मैदा, रवा, हिंग, तवा, तेल यांची नावे घेऊन विचारा. आपले पीठ आणि छोटा तवा बरोबर ठेवा. पाकिटावर 'ग्लुटेनमुक्त' लिहिलेले असेल, तर आपल्या कायद्याप्रमाणे किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन त्यात चालत नाही, हे लक्षात ठेवा. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते, तेही पाहून निघा.

आणि मुलाला मागायची लाज वाटू देऊ नका. भाकरी हे गरिबीचे अन्न म्हणून आपणच तिला मागे सारून पोळीकडे गेलो होतो. आज त्याच भाकरीवर आमची धाकटी बाळसे धरते आहे. तिला ती हक्काने मागता आली पाहिजे.

जय भीम!