नाताळच्या भेटीची बदाम टॉफी

अमेरिकेत नाताळच्या सुमारास भेट देण्यासाठी घरी बनवली जाणारी बदाम टॉफी म्हणजे मुळात लोणी आणि साखर. दोन्ही वजनाने जवळपास सारखी घेतात. चिमूटभर मीठ आणि एकदोन चमचे पाणी, एवढीच जोड. जाड बुडाच्या पातेल्यात मध्यम आचेवर मिश्रण ढवळत राहतात. पाणी उडून गेले की तापमान चढू लागते आणि साधारण १५० अंश सेल्सिअसला पाकाला बदामी रंग येतो. खरी परीक्षा इथेच. लवकर उतरवला तर टॉफी दाताला चिकटते, मिनिटभर जास्त राहिला तर कडवट होते. थर्मामीटर नसेल तर पाकाचा थेंब गार पाण्यात टाकावा. तो कट्कन तुटायला हवा. आच एकदम कमीजास्त केली तर लोणी सुटून वर तरंगते. बहुतेक वेळा कारण घाई हेच असते.

तयार पाक बटर पेपर घातलेल्या ताटात ओतून त्यावर चॉकलेटचे तुकडे पसरतात. ते पाकाच्या उष्णतेनेच वितळतात. वर भाजलेल्या बदामांचा भरडा. (कच्चे बदाम घालणे म्हणजे अर्धी चव घालवणे.) गार झाल्यावर हातानेच ओबडधोबड तुकडे करतात. सुरीने एकसारख्या वड्या पाडण्याचा अट्टहास व्यर्थ.

महाराष्ट्रातली चिक्की याच कुळातली, मात्र तिच्यात बहुधा गूळ असतो आणि लोण्याचा भर नसतो. दमट हवा दोघींनाही सोसत नाही, म्हणून भेटीची टॉफी घट्ट झाकणाच्या डब्यातच द्यावी.