नऊ वार

‘पाचच? बाकीन्या दोन कोठे गयात?’

मोठीआईचा, म्हणजे आमच्या आजीचा, हा पहिला प्रश्न. टीव्हीवर पाच मुली हवेत उचलल्या गेल्या होत्या, त्यांना पंख फुटले होते, पायांत हिरव्या-निळ्या पट्ट्यांचे मोजे आले होते. आम्ही चौघी सख्ख्या-चुलत बहिणी तोंडातला घास विसरून बघत होतो. मोठीआई मात्र मोजत होती.

तिच्या मोजणीला आधार होता. मळ्यातल्या विहिरीच्या काठावर साती आसरांचे सात दगड होते, शेंदूर लावलेले. मोटार दुरुस्त होऊन पहिलं पाणी आलं की आधी त्यांना हळदकुंकू, दहीभात, मग कांद्याच्या वाफ्याला पाणी. पाण्यातल्या बाया सात असतात, हे तिला तिच्या आजीनं सांगितलेलं. तेव्हा जादू करणाऱ्या मुली पाचच कशा, हा तिचा प्रश्न रास्त होता. आमच्याकडे त्याला उत्तर नव्हतं.

ही २००७ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या देवळ्यात उन्हाळ कांदा काढून झालेला, चाळी भरत आलेल्या, आखाजीच्या सणाला माहेरी आलेल्या आत्या अजून थांबलेल्या. मालिकेचं नाव म्हणजे पाच मुलींच्या नावांची आद्याक्षरं : विल, इर्मा, तरानी, कॉर्नेलिया आणि हे लिन. आम्ही नुसतं ‘विच’ म्हणायचो. इर्माकडे पाणी, तरानीकडे आग, कॉर्नेलियाकडे माती, हे लिनकडे वारा. विल या सगळ्यांची म्होरकी, तिच्याकडे एक तेजस्वी पदक. ते तिनं हातात धरलं की बाकीच्यांच्या अंगी बळ यायचं. मूळ चित्रकथा इटलीतली, २००१ ची. कल्पना एलिझाबेटा न्योने यांची, चित्रं अलेस्सांद्रो बार्बुच्ची आणि बार्बरा कानेपा यांची. तिच्यावरून २००४ ते २००६ या काळात बावन्न भागांची मालिका निघाली. हे सगळं मला फार पुढं कळलं. तेव्हा एवढंच ठाऊक होतं की त्या हिंदीत बोलतात आणि ऐन लढाईत लाइट जाते.

भारनियमनाचे दिवस ते. बारा-बारा तास वीज नसायची. विलला पुढं विजेवर हुकूमत मिळते. ते पाहून धाकट्या काकांनी एकच मत दिलं, ‘हिला आपल्या सबस्टेशनला आणा.’ लाइट गेली की राहिलेला भाग मोठीआई पुरा करायची. ती अंधारात गोधडीवर पाय पसरून बसायची आणि सांगायची, की मग त्या पोरी विहिरीत उतरल्या, तळाशी गावच्या गाव होतं. दुसऱ्या दिवशी खरा भाग पाहिला की आमचा विरस व्हायचा.

आईचं आणि काकूचं मत वेगळं. त्या दोघी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून बघायच्या, एकीच्या हातात लाटणं. आईला कपडे आवडायचे, काकूला त्या मुलींच्या घरचं फ्रीज. बसून कुणीच बघायचं नाही. बसून बघणारी बाई एकच, आणि तिला हिंदी अर्धंमुर्धंच कळायचं.

म्हणूनच असेल, ती बोलणं ऐकण्यापेक्षा बाकी सगळं बघायची. विलनं पदक उचललं, पाचही जणी प्रकाशात फिरू लागल्या की ती आम्हाला म्हणायची, ‘मागं सरका, अंगात येतंय.’ चैत्रात खानदेशातून सप्तशृंगीला चालत निघालेले लोक मालेगाववरून आमच्या गावातून कळवणकडे जातात. झेंडे, डफ, तापलेला रस्ता, जागोजागी सरबताचे हंडे. अशाच एका हंड्यापाशी एक बाई घुमू लागली होती. केस सुटलेले, तिच्यापेक्षा दुप्पट थोराड पुरुष तिच्यापुढं हात जोडून उभे. मोठीआईनं तिला ओवाळलं नाही की कौल विचारला नाही. वारं उतरेपर्यंत तांब्या घेऊन जवळ उभी राहिली आणि मग पाणी पाजलं. त्यामुळं त्या पाच मुलींबद्दल तिची मोठी तक्रार ही होती की लढाई संपते, पंख गळतात, पोरी पुन्हा साध्या कपड्यांत येतात आणि धापा टाकत उभ्या राहतात, पण उतरल्यावर त्यांना कुणी पाणी देत नाही.

एकदाच ती चिडली. शाळेत नवं इंग्रजी शिकलेल्या माझ्या चुलतबहिणीनं मोठ्या तोऱ्यात नावाचा अर्थ सांगितला : विच म्हणजे चेटकीण, डाकीण. मोठीआईनं हातातलं सूप खाली ठेवलं. ‘पोरीस्ले डाकीन म्हनू नको.’ पुढं काही बोलली नाही. या शब्दामुळं बाईचं घर सुटतं, गाव सुटतं, कधी जीव जातो, हे तिनं पाहिलं होतं की नुसतं ऐकलं होतं, ते मी कधी विचारलं नाही. त्या दिवसापासून मालिकेचं नाव आमच्या घरात ‘पाच पोरी’ झालं. असल्या प्रकारांविरुद्ध राज्यात कायदा व्हायला २०१३ साल उजाडलं. आमच्या ओसरीवर तो सहा वर्षं आधी झाला.

आता फोबॉस. हा मालिकेतला खलनायक, मेरिडियन नावाच्या राज्याचा राजपुत्र. त्या राज्याची गादी मुलीकडे जाते. म्हणजे हक्काची वारस त्याची धाकटी बहीण एलिऑन. तिला लहानपणीच तिथून पळवून माणसांच्या जगात लपवलेलं असतं, आणि हा गादी बळकावून बसलेला. पुढं बहीण सापडल्यावर तो गोड बोलून तिला महालात आणतो. तिच्यातली ताकद काढून घ्यायचा त्याचा बेत असतो. हे मी मोठीआईला समजावून सांगितलं. ती कांद्याची पात निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘साडी तं दिन्ही का त्यानी तिले?’

आम्ही चौघी खो खो हसलो. स्वयंपाकघरातलं लाटणं मात्र थांबलं.

तिचं माहेर गिरणाकाठी, लोहोणेरच्या बाजूला. बाप वारला आणि वर्षश्राद्धाच्या आधीच भावांनी तिला बोलावून घेतलं. तेव्हा देवळा तालुका झालेला नव्हता, तो झाला १९९९ मध्ये. कागदपत्रांसाठी कळवण गाठावं लागायचं. जाताना बैलगाडीत तिला उसाचा रस पाजला, येताना नवं लुगडं दिलं. मधल्या वेळात तिनं हक्कसोडपत्रावर अंगठा उमटवला. १९५६ च्या कायद्यानं मुलीला बापाच्या मिळकतीत वाटा दिला. १९९४ मध्ये महाराष्ट्रानं आणि २००५ मध्ये साऱ्या देशानं वडिलार्जित इस्टेटीत तिला जन्मानं हिस्सेदार केलं. पण बहिणीनं ‘राजीखुशीनं’ सोडलेल्या हक्काला कुठला कायदा काय करणार? वाटा मागितला तर माहेर तुटतं. आखाजीला कुणाच्या दारी जायचं, हा हिशेब बिघ्यांच्या हिशेबाहून मोठा ठरतो.

हे तिनं सांगितलं नाही. त्या रात्री आईनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी मोठीआईला एवढंच विचारलं, ‘मग ते लुगडं नेसलीस का गं?’

‘नेसली ना. कांदे काढायला.’

थोडं थांबून तिनंच पुढं जोडलं, ‘गडवरनी देवीले अकरा वार लागस. माले नऊ वारमाच गप करी टाकं.’ आणि स्वतःच हसली.

दोन हंगामांनंतर मालिका थांबली. तिसरा कधी आलाच नाही. आम्हीही विखुरलो : एक नाशिकला, एक पुण्याला, एक लग्न होऊन पिंपळगावकडे. नोकरी लागल्यावर मी ती मूळ चित्रकथा मिळवून वाचली. मालिकेत हे लिनची आजी यान लिन आहे. ती घरचं चिनी उपाहारगृह सांभाळते, आणि एके काळी तीही अशीच रक्षणकर्ती होती. मुलींना त्यांची शक्ती पहिल्यांदा सांगते ती हीच म्हातारी. मोठीआई तिला ‘कामाची बाई’ म्हणायची. चित्रकथेत ही आजी सुरुवातीलाच मरते आणि पुढं पलीकडच्या जगातून नातीच्या पाठीशी राहते. मालिकेत ती शेवटपर्यंत जिवंत आहे, मुलींना वाफाळतं काहीतरी खायला घालते आहे.

यावर बघणाऱ्या-वाचणाऱ्यांचे दोन तट आहेत. चित्रकथेच्या बाजूचे म्हणतात, मालिकेनं सगळं सोपं करून टाकलं, दुःखाला जागाच ठेवली नाही. दुसरी बाजू म्हणते, मालिकेची गोष्ट आटोपशीर आहे आणि दुसऱ्या हंगामात तर ती चांगलीच बांधीव होते. मी बरीच वर्षं पहिल्या तटात होते. मरण टाळणारी गोष्ट खोटी, असं बहिणींशी तावातावानं भांडले आहे.

२०१९ च्या पावसाळ्यात मोठीआई गेली. आजारी अशी नव्हती. सकाळी चहा घेतला, चाळीतले सडके कांदे निवडायला बसली आणि भिंतीला टेकली. त्यानंतर मी मालिकेचे जुने भाग पुन्हा पाहिले. यान लिन पडद्यावर आली की मी बाकीचं सोडून तिचे हात बघत राहायची. ती भांडी आवरते, वाट्या मांडते. मालिकेनं तिला मारलं नाही, हे बरं केलं. समीक्षा म्हणून हे मत लंगडं आहे, ठाऊक आहे मला. तरी आता माझं मत हेच.

२०२२ मध्ये सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा शेंदराचा थर काढला. पिढ्यान् पिढ्या चढत गेलेला तो लेप गेला आणि आतलं जुनं रूप दिसू लागलं. नवरात्रात आम्ही गडावर गेलो. अठरा हात तेच, पण डोळे, चेहरा, सगळं निराळं, रेखीव. आईनं हात जोडले आणि हळूच म्हणाली, ‘त्यांनी पाहायला हवं होतं.’ मोठीआई काय बोलली असती, ते आम्ही बसमध्ये कळवणपर्यंत ठरवत होतो. काकूच्या मते ती म्हणाली असती, एवढं ओझं वागवत होती तर आधी पाणी पाजा तिला. आई म्हणाली, त्यांनी आधी हात मोजले असते.

मळ्यातली विहीर आता आटली आहे. शेततळं झालंय, त्यात काळा प्लास्टिक कागद. भावानं सातही दगड उचलून तळ्याच्या बांधावर मांडले. मांडताना त्यानं मला फोन करून क्रम विचारला. क्रम फक्त तिला ठाऊक होता.

माझ्या वाट्याला ती गोधडी आली, आम्ही टीव्हीपुढं अंथरायचो तीच. वरचा पदर आईच्या जुन्या साडीचा, टाके मोठीआईचे, थोडे तिरके, बोटभर अंतरावर. आत तिचीच लुगडी आहेत. कांदे काढताना विरलेलं ते लुगडंही त्यांत असेल, असं आई म्हणते. उसवल्याशिवाय कळणार नाही. मध्यंतरी एका कोपऱ्याचा टाका निघाला, तेव्हा मी आत न बघता तो लगेच घालून टाकला.