ई नंतर एफ, आणि एफ नंतर?

१० ऑक्टोबर २०२४ची सकाळ. कॉव्हेंट्रीतली नेहमीचीच. पाऊस म्हणावा तर दिसत नाही, आणि नाही म्हणावा तर चष्मा ओला. ऑफिसला निघालो तर शेजारचे आजोबा कुंपणापाशी उभे. बहुतेक माझीच वाट बघत होते. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "मिस्टर टाटांचं कळलं. फार वाईट झालं."

मला क्षणभर काय बोलावं सुचेना. रतन टाटा आदल्या रात्री गेले होते, आणि बातमी वाचून मलाही चुटपुट लागली होती. पण माझा आणि टाटांचा संबंध म्हणाल तर इतकाच, की सातवीत असताना आमच्या शाळेची सहल पिंपरीला टेल्को बघायला गेली होती. आजोबांच्या लेखी मात्र मी पुण्याचा आणि टाटाही पुण्याचे. (टाटा मुंबईचे, पण हा भेद कॉव्हेंट्रीत कोण करणार? आणि पुणेकराने तरी तो आपणहून का करून द्यावा?) शेवटी घरातलं कोणी गेल्यावर म्हणतात तसं मी हळू आवाजात "थँक यू" म्हणालो.

मग त्यांनी टोपी परत डोक्यावर घातली आणि खरा प्रश्न विचारला. "आता तुझे लोक पुन्हा स्पोर्ट्स कार काढतील का रे?"

मंडळी, या प्रश्नामागे बराच इतिहास आहे, तो आधी सांगतो.

आजोबा वयाच्या सोळाव्या वर्षी, म्हणजे १९६९ साली, इथल्या ब्राउन्स लेनच्या जॅग्वार कारखान्यात शिकाऊ म्हणून लागले. काम दारं बसवायचं. तेव्हा तिथे ई-टाईप तयार होत होती. १९६१च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात पहिल्यांदा दाखवलेली, लांबलचक नाकाची, दोन माणसांची गाडी. जिनिव्हात तिच्यावर अशी झुंबड उडाली, की चक्कर मारून दाखवायला एक गाडी पुरेना. तेव्हा कंपनीचे चाचणी-चालक नॉर्मन ड्यूइस यांना फोन गेला, की हातातलं काम टाका आणि दुसरी गाडी घेऊन या. ते रातोरात कॉव्हेंट्रीहून जिनिव्हापर्यंत ती हाकत गेले आणि सकाळी प्रदर्शनात हजर झाले. किंमत दोन हजार पौंडांच्या जरा वर, आणि वेग ताशी दीडशे मैल असा कंपनीचा दावा. एवढ्या वेगाच्या परदेशी गाड्या तेव्हा याच्या दुपटीला जात.

तिचा आकार माल्कम सेयर यांचा. हे गृहस्थ मूळचे विमानवाले, ब्रिस्टल एअरोप्लेन कंपनीतून आलेले. आधीच्या सी-टाईप आणि डी-टाईप या शर्यतीच्या गाड्या त्यांच्याच, आणि त्या दोघींनी मिळून १९५१ ते १९५७ या काळात ल मान्सची चोवीस तासांची शर्यत पाच वेळा जिंकली. म्हणजे सी, डी, ई अशी मुळाक्षरं ओळीने चालली होती. ई-टाईप बंद झाली १९७४ साली, बहात्तर हजारांवर गाड्या करून. पुढचं अक्षर एफ. ते यायला किती वर्षं लागावीत? एकोणचाळीस!

ही एकोणचाळीस वर्षं लोकांनी नुसते तर्क करण्यात घालवली. दर दोन-चार वर्षांनी इथल्या मोटारींच्या मासिकांत चित्र छापून यायचं, ही बघा येणारी एफ-टाईप. तर्क अगदीच हवेतले होते असंही नाही. ऐंशीच्या दशकात एक्सजे-४१ या सांकेतिक नावाने ती गाडी आत खरोखर तयार होत होती. पण तिच्यात दोन टर्बो घाला, चारही चाकांना ताकद द्या, असं करत करत वजन इतकं वाढलं, की १९९० साली नव्या मालकांनी, म्हणजे फोर्डने, ती रद्द करून टाकली. (तिची हाडं वाया गेली नाहीत. त्यातूनच पुढे अ‍ॅस्टन मार्टिनची डीबी-७ उभी राहिली.) मग २००० साली डेट्रॉईटच्या प्रदर्शनात एफ-टाईप याच नावाचा सुंदर नमुना दाखवला, लोक वेडे झाले, आणि दोन वर्षांत तोही बासनात. दरम्यान एक्सजे-एस आणि एक्सके या गाड्या होत्या. वेगवान होत्या, देखण्या होत्या, पण त्या ऐसपैस, लांबच्या प्रवासाच्या. ई-टाईपची जागा रिकामीच राहिली.

२००८च्या जूनमध्ये टाटा मोटर्सने २.३ अब्ज डॉलरला जॅग्वार आणि लँड रोव्हर घेतल्या. मी तेव्हा पुण्यात होतो. आमच्या कँटीनमध्ये त्या दिवशी प्रत्येक जण जणू स्वतःच्या खिशातले पैसे भरल्यासारखा बोलत होता. पाठोपाठ जगभर मंदी आली आणि तेच लोक म्हणू लागले, की हा पांढरा हत्ती कशाला बांधून घेतला? त्या परिस्थितीत कोणीही हिशेबी मालकाने दोन माणसांच्या गाडीचं नावही काढलं नसतं. पण २०११ साली नमुना आला, २०१२ साली रतन टाटा अध्यक्ष असतानाच खरी गाडी पॅरिसला दाखवली गेली, आणि २०१३ साली एफ-टाईप रस्त्यावर आली. अ‍ॅल्युमिनियमची, इयान कॅलम यांनी रेखलेली.

ब्राउन्स लेनची जोडणी २००५ साली बंद झाली होती. तिथे आता घरं आहेत आणि अ‍ॅमेझॉनचं भलंमोठं गोदाम आहे. आजोबांची बदली बर्मिंगहॅमजवळ कॅसल ब्रॉमिचला झाली. दुसऱ्या महायुद्धात जिथे अकरा हजारांहून जास्त स्पिटफायर विमानं बनली, तोच हा कारखाना. तिथे त्यांनी पहिल्या दोन वर्षांच्या एफ-टाईपना दारं बसवली आणि २०१५ साली निवृत्त झाले. म्हणजे बघा, ब्रिटिश लेलँड, मग स्वतंत्र जॅग्वार, मग फोर्ड, मग टाटा असे चार मालक झाले, एका माणसाची अख्खी नोकरी झाली, आणि मुळाक्षर सरकलं फक्त एक. ई ते एफ.

आणि २०२४ साली एफ-टाईप संपली. अकरा वर्षांत सत्त्याऐंशी हजारांच्या वर गाड्या झाल्या. म्हणजे ई-टाईपपेक्षा जास्तच. पण १९६१चे आकडे आणि आजचे आकडे यांची तुलना होत नाही. आज नुसत्या सुरक्षेच्या आणि धुराच्या चाचण्या पार करायलाच इतका खर्च येतो, की वर्षाला आठ हजार गाड्या म्हणजे किरकोळ विक्री. तो खर्च भरून काढतात उंच, जाडजूड एसयूव्ही. एफ हे अक्षरही कंपनीने २०१६ साली एका एसयूव्हीला देऊन टाकलं होतंच. आजोबांना ते अजून पटलेलं नाही. "पोराचं नाव म्हशीला ठेवल्यासारखं", असं मी त्यांच्या म्हणण्याचं मराठीकरण करतो.

आता पुढे काय? २०२१ साली कंपनीने जाहीर केलं, की जॅग्वार यापुढे फक्त विजेवर चालेल. २०२४ संपताना इथे नव्या जॅग्वार विकणंच थांबवलं, आणि त्याच डिसेंबरात मायामीला टाईप-००, म्हणजे टाईप शून्य-शून्य, हा नमुना दाखवला. गुलाबी आणि निळा. दोन दारं, मागे काचच नाही. पहिली खरी गाडी मात्र चार दारांची, सोलिहलला बनणारी, आणि किंमत लाख पौंडांच्या वर, असं तेव्हा सांगितलं गेलं.

आजोबांनी नमुन्याचा फोटो माझ्यासमोर धरला आणि बॉनेटवर बोट ठेवलं. "इथे आत काय आहे?"

"इंजिन नाही," मी म्हणालो.

"मग एवढं लांब कशाला?"

मी पोटापाण्यासाठी बॅटऱ्या थंड ठेवण्याचं काम करतो, त्यामुळे इथे जरा अधिकाराने बोलतो. ई-टाईपचं नाक लांब होतं कारण आत सहा सिलिंडर एका ओळीत बसवायचे होते. अख्ख्या गाडीचं वजन सुमारे तेराशे किलो. आजच्या मोठ्या विजेच्या गाडीची नुसती बॅटरीच सहाशे किलोच्या घरात जाते. ती पसरायची पायाखाली, म्हणजे तितकी जमीन वर येते, आणि स्पोर्ट्स कारमध्ये तर माणूस रस्त्याला टेकल्यासारखा बसायला हवा. माणूस वर उचलला की छप्पर वर जातं, छप्पर वर गेलं की गाडी बुटकी दिसावी म्हणून चाकं मोठी आणि नाक लांब करावं लागतं. एकदा हे सुरू झालं की वजन वाढतच जातं. एक्सजे-४१चं जे झालं तेच.

अशी गाडी करताच येत नाही असं नाही. एमजी हे नाव आता चिनी मालकांकडे आहे, आणि त्यांनी सायबरस्टर नावाची दोन माणसांची विजेची गाडी काढली. ती २०२५ साली भारतातही आली. पण वजन दोन टनांच्या आसपास. जुन्या एमजीबीसारख्या दोन गाड्या एकीवर एक ठेवल्यागत! पोर्शेने आपली छोटी ७१८ फक्त विजेवर करायची ठरवली होती, आणि २०२५ साली तिच्या वरच्या प्रकारांत पेट्रोल इंजिन ठेवणार असं सांगितलं. बड्याबड्यांना हे गणित सुटलेलं नाही.

म्हणून माझा अंदाज असा. दोन माणसांची जॅग्वार इतक्यात येणार नाही. आधी ती महागडी चार दारांची गाडी खपावी लागेल, त्यातून पैसा उभा राहावा लागेल, बॅटऱ्या निम्म्या वजनाच्या व्हाव्या लागतील. याला दहा वर्षं धरा. आणि आली तरी तिचं नाव जी-टाईप नसेल. ज्यांनी पाटी पुसून शून्य-शून्य लिहिलं, ते पुन्हा मुळाक्षरांकडे कशाला वळतील? शिवाय इतिहास बघितला तर ही गाडी हिशेब करून कधीच झालेली नाही. हिशेब करणाऱ्यांनी ती दोनदा रद्द केली. हिशेब बाजूला ठेवणारा मालक भेटला तेव्हा झाली. तसा मालक पुन्हा भेटेल का, हे कुठल्याही तक्त्यात मांडता येत नाही.

हा अंदाज मी आजोबांना २०२५च्या वसंतात ऐकवला. आम्ही गेडनच्या मोटार संग्रहालयात गेलो होतो. जॅग्वारच्या वारसा ट्रस्टच्या बऱ्याच गाड्या तिथे असतात. मला वाटलं होतं आजोबा ई-टाईपपाशी रेंगाळतील. पण ते सरळ एका एक्सजे-एसपाशी गेले, खाली वाकले, आणि दार आणि पत्रा यांच्यामधली फट एक डोळा मिटून वरपासून खालपर्यंत बघितली. 'हात लावू नये' अशी पाटी होती, म्हणून हात पाठीमागे बांधलेले. मग उभे राहून म्हणाले, "सरळ आहे."

माझा दहा वर्षांचा अंदाज त्यांनी शांतपणे ऐकून घेतला. म्हणाले, "म्हणजे माझ्या वेळेत नाही."

काय बोलणार! मी त्यांना आमच्या चेतकची गोष्ट सांगितली. बाबांनी नंबर लावल्यावर कित्येक वर्षांनी घरात आलेली ती स्कूटर. सुरू होईना की एका अंगावर आडवी करायची, मग किक. २००५-०६च्या सुमारास चेतक बंद झाली आणि आम्ही धरून चाललो, की संपलं. आणि २०२० साली तीच परत आली, विजेवर. २०२२पासून तर आकुर्डीत जिथे जुनी बनायची तिथेच बनू लागली. नाव तेच, गाव तेच, आवाज मात्र गेला.

"तुझ्या वडिलांनी घेतली का?" आजोबांनी विचारलं.

"घेतली. पण पहिल्या दिवशी बटण दाबायच्या आधी सवयीने आडवी करायला गेले."

आजोबा इतके मोठ्याने हसले, की पलीकडच्या दालनातला रखवालदार बघायला आला. मग चहा घेताना बराच वेळ काही बोलले नाहीत. निघताना म्हणाले, "तुझ्या लोकांना सांग, नाव काहीही ठेवा. पण दाराची फट सरळ ठेवा."

माझे लोक कोण, हे मला अजून माहीत नाही. पण निरोप पोचवायचं कबूल केलं होतं, म्हणून इथे लिहिला. पिंपरी-चिंचवडकडचं कोणी वाचत असेल तर पुढे कळवावे, ही विनंती.