पुठ्ठ्याला आलेलं म्हातारपण



घरात एखादा जुना तांब्या, घंगाळ किंवा अडकित्ता असेल, निदान दाराची जुनी कडी तरी असेलच. तर वाचता वाचता जरा उठा आणि ती वस्तू उजेडात नेऊन नीट बघून या.

आलात? आता सांगा, तांब्याचा रंग कोणता? "तांबडा!" असं तुम्ही झटकन म्हणाल. पण तो सगळीकडे सारखाच तांबडा आहे का? जिथं रोज हात फिरतो तिथं तो उजळ असतो. गळ्याच्या खोबणीत तपकिरी, बुडाशी काळपट आणि एखाद्या सांध्यात चक्क निळसर हिरवा! एका तांब्यात चार-चार रंग. रोज पाणी प्यायलो, पण हे कधी पाहिलंच नाही. हो ना?

मी प्राथमिक शाळेत शिकवते. कार्यानुभवाच्या तासाला आमच्या वर्गात दरवर्षी एक उद्योग चालतो. पुठ्ठा, सुतळी, रिकामे डबे असल्या फुकटच्या सामानातून शोभेच्या वस्तू करायच्या आणि त्या जुन्या धातूच्या वाटाव्यात अशा रंगवायच्या. कुणी ढाल करतं, कुणी करंडा, कुणी भिंतीवर टांगायचा सूर्य. पालक मला विचारतात, "बाई, नवी वस्तू चकचकीत करायची सोडून जुनाट कशाला करता?" त्याचं उत्तर आज तुम्हालाच सांगते.

आधी धातू म्हातारा कसा होतो ते पाहू. लोखंडाला हवा आणि ओल मिळाली की त्याच्यावर गंज चढतो. चांदी काळी पडते, कारण हवेतल्या गंधकाच्या वायूंचा तिच्यावर परिणाम होतो. तांबं आधी तपकिरी होतं, मग काळसर आणि वर्षानुवर्षं पावसापाण्यात राहिलं की हिरवं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचं मिश्रण, म्हणून तेही हिरवट होतं. "पितळेच्या भांड्यात ताक ठेवू नका, कळकेल," असं आजी म्हणते ते याचमुळे. आंबट पदार्थात तांब्याचा अंश उतरतो. म्हणून तर अशा भांड्यांना आतून कल्हई करतात.

पण म्हातारपण म्हणजे नेहमी नुकसानच असतं असं नाही बरं का! अमेरिकेत न्यूयॉर्कच्या बंदरात स्वातंत्र्यदेवीचा भलामोठा पुतळा आहे. तो १८८६ साली उभा राहिला तेव्हा तांब्याच्याच रंगाचा होता. वीसेक वर्षांत तो हिरवा झाला. १९०६ साली त्याला रंग द्यायची गोष्ट निघाली, तेव्हा लोकांनी विरोध केला. मग तज्ज्ञांनी तपासून सांगितलं, की हा हिरवा थर आतल्या तांब्याचं रक्षणच करतो आहे. त्या पुतळ्याचा पत्रा जेमतेम अडीच मिलिमीटर जाड आहे, पण त्या थरामुळे तो टिकून राहिला. लोखंडाचं मात्र उलट. त्याच्या गंजाचे पापुद्रे सुटतात, आतलं लोखंड उघडं पडतं आणि पुन्हा गंजतं. याला अपवाद आपल्याच देशात आहे. दिल्लीला कुतुबमिनाराजवळचा लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षं उभा आहे. त्याच्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, त्यामुळे वर एक पातळ संरक्षक थर तयार झाला आहे.

आता कृती. जाड पुठ्ठा हव्या त्या आकारात कापा. त्यावर पेन्सिलीनं नक्षी काढा आणि त्या रेघांवर फेविकॉल लावून सुतळी चिकटवा. रात्रभर वाळू द्या. दुसऱ्या दिवशी काळा आणि तपकिरी पोस्टर कलर मिसळून संपूर्ण वस्तू रंगवा. या रंगात थोडं फेविकॉल घाला. नाहीतर वर दुसरा ओला हात दिला की खालचा रंग सुटून येतो. सुतळीच्या कडेची एकही पांढरी फट ठेवू नका.

हे वाळलं की खरी गंमत सुरू होते. तांब्याच्या किंवा सोनेरी रंगाची लहान बाटली घ्या. मुद्दाम विकत घ्यायची ती एवढीच. ब्रश त्यात बुडवा आणि रद्दी कागदावर पुसत राहा, अगदी कोरडा वाटेपर्यंत. मग तो उंचवट्यांवरून हलक्या हातानं फिरवा. सुतळी चमकायला लागते, खोबणी काळी राहते आणि पुठ्ठा एकदम जड दिसायला लागतो! शेवटी हिरव्या रंगात थोडा निळा, थोडा पांढरा आणि भरपूर पाणी घाला. हे पाणी फक्त खोबणीत सोडा आणि उंचवटे लगेच चिंधीनं टिपून घ्या.

गंजकं लोखंड हवं असेल तर चमक अगदी थोडी द्या आणि स्पंजच्या तुकड्यानं गेरू टिपा. गेरूच का? गंज हा लोखंडाचा ऑक्साइड असतो आणि गेरूचा लाल रंगही लोखंडाच्या ऑक्साइडचाच असतो. म्हणजे या खोट्या गंजात थोडं खरं लोखंड आहेच की!

इथवर सगळ्यांना जमतं. पण पुष्कळ मुलं हिरवा रंग सगळीकडे सारखाच फासतात. मग वस्तू जुनी दिसत नाही, आजारी दिसते. त्यांना मी एकच प्रश्न विचारते, "या वस्तूला हात कुठं लागत असेल?" कारण हात लागतो तिथं वस्तू झिजते आणि उजळते. हात पोचत नाही तिथं ती काळवंडते. जुनी वस्तू ही तिला हाताळलेल्या माणसांची नोंदवहीच असते म्हणा ना.

हे मला नेमकं कळलं ते चौथीतल्या एका मुलीमुळे. तिनं समई करायला घेतली होती. त्यांच्या घरी पूर्वी पितळी समई होती, पण एका दुष्काळाच्या वर्षी ती मोडीत गेली. तेव्हा ही मुलगी जन्मलीही नव्हती. समईचा फोटोसुद्धा घरात नाही. मग रंगवायची कशी? तिनं आजीला विचारायला सुरुवात केली. "आजी, समई उचलताना तू कुठं धरायचीस गं?" "काजळी कुठल्या बाजूला धरायची?" रोज एक-दोन प्रश्न आणि दुसऱ्या दिवशी वर्गात तेवढंच काम.

आजींनी सांगितलं, की दांड्यावर पाकळ्यांची नक्षी होती, पण मुठीच्या जागी ती झिजून सपाट झाली होती. मुलीनं तिथली सुतळी दगडानं घासून चपटी केली. आजी म्हणाल्या, चिंचेनं घासताना बोट पोचायचं नाही त्या खाचेत काळं राहायचं. तिथं तिनं चमक दिलीच नाही. तेलाचा एक ओघळ कायमचा होता, तोही तिनं काढला. समई झाली आणि ती घरी घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "काय म्हणाल्या आजी?"

"बाई, आजी खूप वेळ बघत बसली. मग म्हणाली, बुडाला एक पोचा होता, तो राहिला. आणि माहितीय का, तो पोचा बाबांनी पाडला होता! लहानपणी समई ढकलली होती त्यांनी. आम्हाला कधी सांगितलंच नाही!"

पुठ्ठ्यावर जरा पाणी लावून तिनं अंगठ्यानं पोचा दाबला. वर पुन्हा रंग दिला.

स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनात एका पाहुण्यांनी ती समई लांबून पाहिली आणि विचारलं, "जुनी दिसते. विकायची आहे का?" ती म्हणाली, "काका, पुठ्ठ्याची आहे. मी केलीय." शेजारच्या मुलानं तिला कोपरानं ढोसलं, "सांगितलंस कशाला?"

यावर आम्ही पुढचा अख्खा तास बोललो. नाटकातली ढाल पुठ्ठ्याची असते, पण त्यात फसवणूक नसते, कारण बघणाऱ्याला ते ठाऊक असतं. नव्या मूर्ती रसायनं लावून जुन्या भासवणारे आणि त्या प्राचीन म्हणून विकणारे लोकही जगात आहेत. रंगवण्याची विद्या जवळपास तीच, फरक फक्त सांगण्यात. तेव्हापासून आमच्या प्रत्येक वस्तूच्या मागे एक चिठ्ठी असते: कशाची केली, कुणी केली, कधी केली. आणि खरं सांगू? चिठ्ठी वाचली की लोक वस्तू पुन्हा उलटून बघतात आणि दुप्पट कौतुक करतात.

दोन सूचना लक्षात ठेवा. पुठ्ठ्याच्या पणतीत किंवा समईत खरी वात लावू नका, आणि रंगवलेल्या ताटलीत खाऊ ठेवू नका. घरातल्या खऱ्या जुन्या वस्तूंवर यातला एकही प्रयोग करायचा नाही!

पालकांनो, या उद्योगाला खर्च फार नाही, पण मुलं तुम्हाला प्रश्न विचारतील. त्यांना उत्तरं द्यायला थोडा वेळ काढा. आणि मुलांनो, रंगाची बाटली उघडण्याआधी घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाजवळ बसा. आता घरात नसलेली एखादी वस्तू त्यांना आठवायला सांगा आणि ती कुठं धरायची ते विचारा. मग ब्रश हातात घ्या. चिठ्ठी लावायला तेवढी विसरू नका!