अनुभवाचा रकाना

डिजिटल हक्क आणि एआय धोरणावरच्या एका उन्हाळी फेलोशिपचा अर्ज भरत होतो. रकाना होता : ‘या क्षेत्रातील अनुभव’. आई आठवली. आयुष्यभर झाडलोट करून तिच्या बोटांच्या रेषा झिजल्या. रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा लागला नाही. ती रिकामी पिशवी घेऊन परतली. तेच लिहिलं. निवड झाली नाही.

२०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने धान्य हक्काचं केलं. मशीनने तो हक्क अंगठ्यावर टांगला. हे ठरवताना झिजलेल्या हातांना कुणी विचारलं होतं?

१९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबियाला गेले. पुढे त्यांनी गोलमेज परिषदेत आपल्या माणसांची बाजू स्वतः मांडली. फेलोशिपचं मोल यातच आहे. म्हणून सफाईदार इंग्रजीआधी सोसलेली झळ मोजा. आम्ही दया नाही, प्रतिनिधित्व मागतोय. यंदा पुन्हा अर्ज करतोय. अनुभव तोच.

जय भीम!